व्यवसाय शिक्षण संघटनेत सरचिटणीसपदासाठी उभं राहायचंय: घटनेपासून बदल अर्जापर्यंत

वीजतंत्री
शासकीय आयटीआयमधल्या निदेशकांच्या (व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या) राज्यस्तरीय संघटनेची निवडणूक यंदा आहे. संघटना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अशा दोन्हींखाली नोंदलेली आहे. सरचिटणीसपदाला अर्ज भरायचा विचार आहे. प्रचाराचं बघता येईल. अर्जाआधी कोणते कागद बघायचे, अर्ज कशावरून बाद होतो आणि निवडून आल्यावर पद खऱ्या अर्थाने हातात येईपर्यंत काय काय करावं लागतं, ते जाणकारांनी सांगावं. तंत्रनिकेतनं आणि कनिष्ठ महाविद्यालयांतल्या व्यावसायिक विभागांच्या संघटनांत काम करणाऱ्यांनीही लिहावं, कायदा सगळ्यांना तोच आहे.

खतावणी
आधी घटना, म्हणजे संघटनेची नोंदलेली नियमावली. छापील पुस्तिकेवर विसंबू नका. तिच्यात कधी जुना मजकूर राहिलेला असतो, तर कधी सभेत ठराव झालेली पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने (जिथे विश्वस्तव्यवस्था नोंदतात) मंजूर न केलेली दुरुस्ती घुसलेली असते. कार्यालयात नोंदलेल्या घटनेची सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत काढा. तिच्याबरोबर परिशिष्ट १ चा उतारा घ्या, ज्याला सगळे शेड्यूल वन म्हणतात. आज कायद्याच्या नजरेत विश्वस्त, म्हणजे संघटनेची कार्यकारिणी, कोण आहेत ते त्या उताऱ्यावर दिसतं. तिथली नावं आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं जुळत नसतील तर आधीच्या निवडणुकीचा बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज) अजून मंजूर नाही, असं समजा. हे अर्ज भरायच्या आधीच कळायला हवं, कारण तो गुंता नव्या सरचिटणीसाच्याच गळ्यात पडतो.

घटनेत पहिल्यांदा शोधायचं ते हे, की सरचिटणीस थेट सर्वसाधारण सभेतून निवडला जातो, की सभा फक्त कार्यकारिणी सदस्य निवडते आणि मग ते आपापसांत पदं वाटून घेतात. दुसरी पद्धत असेल तर तुमचा मतदारसंघ तुमचा प्रादेशिक विभाग आहे. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर या सहांपैकी तुमच्या विभागातून सदस्य म्हणून आधी निवडून या, मग पदाचं बोला. राज्यभर फिरून थेट सरचिटणीसपदाची मतं मागणारा माणूस अशा घटनेत स्वतःच्याच विभागात हरू शकतो.

मग सलग किती वर्षं सभासदत्व हवं, मत कोणत्या वर्गाला (आजीव, वार्षिक, सन्माननीय), एकाच पदावर लागोपाठ किती वेळा राहता येतं, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने, गणपूर्ती (कोरम) किती, तहकूब सभेला गणपूर्ती लागते का, समान मतं पडली तर काय, हे सगळं पेन्सिलीने खुणा करत वाचा. व्हॉट्सॲपवर नोटीस चालेल की नाही हे ठरवायचा अधिकार गटाच्या ॲडमिनला नाही, घटनेला आहे.

संधाता
यात एक भर. निवृत्ती आणि पदोन्नती दोन्ही तारखा मोजा. निदेशक गट क मधले, म्हणजे ५८ व्या वर्षी निवृत्त. कार्यकाळ तीन वर्षांचा असेल आणि निवृत्तीला दोनच राहिली असतील, तर घटना सेवानिवृत्ताला पदावर राहू देते का ते बघा. बहुतेक देत नाहीत. तसंच संघटना फक्त शिल्प निदेशकांची असेल आणि तुमचं नाव गटनिदेशकाच्या (शिल्प निदेशकाच्या वरच्या पदाच्या) पदोन्नतीच्या टप्प्यात असेल, तर आदेश निघाला की सभासदत्वाचा वर्गच बदलतो. काही घटनांमध्ये गटनिदेशकही सभासद असतात, काहींमध्ये नाहीत. अर्ध्यात रिकामं होणारं पद मागण्यात अर्थ नाही.

जोडारी
घटनेची प्रत मागितली की "ती अध्यक्षांकडे आहे" एवढंच उत्तर मिळतं, हे सर्रास चालतं. मग?

खतावणी
संघटनेकडे मागायचीच गरज नाही. ज्या विभागीय धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदलेली आहे तिथे नोंदणी क्रमांक देऊन प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा, शुल्क भरा. नोंदणी क्रमांक कुठल्याही पावतीवर किंवा लेटरहेडवर असतो. दोन क्रमांक दिसतील, एक सोसायटीचा आणि एक 'एफ'ने सुरू होणारा विश्वस्तव्यवस्थेचा. दोन्ही लिहा. एकाच अर्जात चार गोष्टी मागा: घटना मंजूर दुरुस्त्यांसह, परिशिष्ट १, शेवटच्या मंजूर बदल अर्जावरचा आदेश आणि शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. कुठला बदल अर्ज प्रलंबित आहे का आणि असल्यास त्याचा क्रमांक काय, हेही तिथल्या नोंदीवरून बघून घ्या.

किमान_कौशल्य
वीजतंत्री सर, मतदार यादीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. निवडणूक कोर्टात किंवा धर्मादाय कार्यालयात अडते ती बहुतेक वेळा इथेच.

संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ थकलेली आहे त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. म्हणजे थकबाकीदाराचं मत बाद होतंच, शिवाय गणपूर्तीतून त्याचं डोकं वजा होतं. सभागृह भरलेलं असूनही गणपूर्ती झालेली नसते असं त्यामुळे घडतं.

यादीत सभासद क्रमांक, नाव, पदनाम, संस्था, सभासदत्वाचा वर्ग, वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरली, पावती क्रमांक आणि पावतीची तारीख एवढे रकाने हवेतच. शेवटचे दोन रकाने गाळलेली यादी म्हणजे नुसती नावांची जंत्री, तिच्यावरून हरकत निकालात काढता येत नाही. यादीतली कुठलीही वीस नावं घ्या, त्यांचे पावती क्रमांक पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीशी लावून बघा आणि तीच रक्कम किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) त्या तारखेला जमा आहे का ते बघा. वर्गणी ऑनलाइन आली असेल तर बँकेच्या उताऱ्यावरची नोंद आणि पावती यांची सांगड लागली पाहिजे. जिल्हा शाखेने वर्गणी गोळा करून केंद्रीय खात्यात उशिरा भरली, ही नेहमीची भानगड. सभासदाच्या हातात वेळेतली पावती आहे, पण केंद्रीय नोंदवहीत तो थकबाकीदार आहे. इथे पावतीची तारीख ग्राह्य धरायची की जमा झाल्याची, याचा ठराव कार्यकारिणीने यादी जाहीर करण्याआधी केलेला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर केलेला ठराव दुसऱ्या बाजूला हरकतीचं हत्यार देतो.

कनिष्ठ महाविद्यालयांत आणखी एक अडचण. किमान कौशल्य विभागाचे अभ्यासक्रम बदलून एचएससी व्होकेशनल आले, पदनामं बदलली, काही शिक्षकांचं समायोजन झालं. जुन्या घटनेत "किमान कौशल्य अभ्यासक्रमाचे पूर्णवेळ शिक्षक व निदेशक" असं लिहिलेलं असेल तर आजच्या पदनामाचा माणूस त्यात बसतो का, हा प्रश्न निवडणुकीच्या तोंडावर हमखास उपटतो. घटनादुरुस्ती करून तो आधीच मिटवायला हवा.

कातारी
पद कोणतं मागायचं यावर कुणी बोललं नाही. थेट सरचिटणीस व्हायला माझा विरोध नाही, पण त्याआधी किमान एक कार्यकाळ सहचिटणीस किंवा कोषाध्यक्षपदी काढणं शहाणपणाचं. सरचिटणीसाच्या सहीने नोटीस निघते, इतिवृत्त लिहिलं जातं, पत्रव्यवहार होतो. नोटीस चुकली की सभा बेकायदा, आणि सभा बेकायदा की तिच्यातला प्रत्येक ठराव लटकतो. हे काम बघून शिकायचं आहे.

किमान_कौशल्य
कातारी सर, कोषाध्यक्षपदाबद्दल पूर्ण सहमत, सहचिटणीसाबद्दल नाही. बऱ्याच घटनांमध्ये सहचिटणीसाला काम फक्त "सरचिटणीसाच्या अनुपस्थितीत" असतं आणि सरचिटणीस कधी अनुपस्थित नसतोच. तीन वर्षं नाव लेटरहेडवर, हातात काही नाही. त्यापेक्षा जिल्हा सचिव बरा. तिथे सभासद नोंदणी, वर्गणी, प्राचार्यांकडचे रोजचे प्रश्न, प्रादेशिक सहसंचालकांकडे शिष्टमंडळ, सगळं स्वतः करावं लागतं. आणि जिल्ह्याची नोंदवही ज्याची चोख, त्याचं नाव मतदार आधीपासून ओळखतात. कोषाध्यक्ष मात्र उत्तम पायरी आहे. विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचं लेखापरीक्षण, ताळेबंदाचं परिशिष्ट ८, उत्पन्न-खर्चाचं परिशिष्ट ९ आणि धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या अंशदानासाठी पात्र उत्पन्नाचं ९-क हे ज्याला वाचता येतं त्याला सभेत कुणी गप्प बसवू शकत नाही.

सेवापुस्तक
शासकीय कर्मचारी असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ समोर ठेवून चाला. तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, निवडणूक प्रचारात आमदार-मंत्र्यांचा फोटो किंवा शिफारस. सेवाविषयक बाबीत राजकीय वजन आणणं नियमबाह्य आहे आणि तो फोटो तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतो. दोन, अधिवेशनासाठी कंपन्यांकडून, यंत्रसामग्री पुरवठादारांकडून वर्गणी किंवा जाहिराती गोळा करणं. निधी गोळा करायला पूर्वपरवानगी लागते, आणि पुरवठादाराचा पैसा तर कुठल्याही परिस्थितीत घेऊ नये. तोच माणूस उद्या तुमच्या संस्थेत लेथ पुरवणार असतो. तीन, वर्तमानपत्रात शासनाच्या धोरणावर टीका. संघटनेचा ठराव प्रसिद्धीला देणं आणि स्वतःच्या नावाने लेख लिहून टीका करणं यात फरक आहे.

संघटना शासनमान्य असेल तर मान्यतेचं पत्र शोधा आणि त्यातल्या अटी वाचा. सभासद कोण असू शकतात, बाहेरचा माणूस पदाधिकारी चालतो का, पदाधिकाऱ्यांची यादी आणि हिशेब शासनाला कधी कळवायचे हे त्यात असतं. खासगी अनुदानित संस्थांतल्या शिक्षकांना वर्तणूक नियम वेगळे, त्यांनी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली बघावी.

वीजतंत्री
हे फार कामाचं आहे. आता अर्ज आणि परिचयपत्रक याबद्दल. पत्रकात काय लिहावं?

कातारी
एक पान. वर नाव, पदनाम, व्यवसाय (शिकवता तो ट्रेड), संस्था, सभासद क्रमांक. सेवेतली वर्षं एका ओळीत. खाली दोन-तीन कामं, त्याहून जास्त नकोत.

कामं लिहिताना संघटनेच्या हातात काय आहे आणि काय नाही याचं भान हवं. "१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळवून देणार" असं एका संवर्गाच्या संघटनेच्या सरचिटणीसाने लिहिणं म्हणजे मतदाराची फसवणूक. तो प्रश्न सगळ्या कर्मचारी संघटनांच्या समन्वयाचा आहे. त्या लढ्यात आपली संघटना कशी सामील असेल एवढंच लिहा. याउलट ज्येष्ठता यादी हा खास आपला विषय. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीची तात्पुरती यादी निघावी, हरकतींना मुदत मिळावी, अंतिम यादी लागावी. यादी रखडली की विभागीय पदोन्नती समितीची बैठक रखडते, गटनिदेशकाची पदं रिकामी राहतात आणि एकेका निदेशकाकडे दोन-दोन तुकड्या येतात. पत्रकात असं लिहा:

"संचालनालयाच्या आस्थापना शाखेकडे ज्येष्ठता यादीचा दरमहा लेखी पाठपुरावा. तात्पुरती यादी आल्यावर प्रत्येक जिल्ह्यात एक जण सभासदांच्या जन्मतारीख, नियुक्ती दिनांक, प्रवर्ग आणि निवडीचा मार्ग या चार नोंदी सेवापुस्तकाशी ताडून देईल. हरकती मुदतीत एकत्र दाखल होतील."

यात टेबल कोणतं, काम कोण करणार आणि काय करणार हे तिन्ही आलं. मतदार शिल्पकार आहेत, त्यांना मापात बोललेलं कळतं.

मला आणखी एक विषय मोलाचा वाटतो आणि संघटना तो नेहमी मागे टाकतात: निदेशकांचं स्वतःचं प्रशिक्षण. सीआयटीएस (निदेशकांचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम) पूर्ण न झालेले निदेशक, अभ्यासक्रम बदलल्यावर नव्या यंत्रावर हात न बसलेले निदेशक, संगणकावरच्या परीक्षेसाठी प्रशिक्षणार्थ्यांना तयार करायची पद्धत. वेतन आणि बदलीपलीकडे संघटना व्यवसाय शिक्षणासाठी काय करते, हे विचारणारे तरुण सभासद वाढलेत. त्यांच्यासाठी विभागवार कौशल्य कार्यशाळांचा ठोस कार्यक्रम दिला तर ते मनापासून बरोबर येतात.

जोडारी
अर्ज बाद होण्याची कारणं, सर्वाधिक दिसणारी आधी: सूचक किंवा अनुमोदक स्वतः थकबाकीदार निघतो. एकाच माणसाने एकाच पदासाठी दोन उमेदवारांना सूचक म्हणून सही केलेली असते आणि घटनेत ते चालत नाही. उमेदवाराची संमतीची सही राहते. सूचक दुसऱ्या विभागाचा असतो, घटना त्याच विभागाचा मागते. नाव मतदार यादीत एक आणि अर्जावर दुसरं, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंच्या बाबतीत. अनामत भरली पण पावती जोडली नाही.

उपाय सोपा. घटनेत मनाई नसेल तर वेगवेगळ्या सूचक-अनुमोदकांचे दोन अर्ज भरा, एक बाद झाला तरी दुसरा उभा राहतो. सूचक आणि अनुमोदक आजीव सभासदांतून निवडा, त्यांना थकबाकीचा प्रश्नच येत नाही. अर्ज दिला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची तारीख आणि वेळ घातलेली पोच घ्या. नुसत्या तारखेच्या पोचेवर "मुदत पाचची होती, अर्ज सहाला आला" असं म्हणता येतं. छाननीला स्वतः हजर राहा आणि बाद करण्याचा निर्णय कारणासकट लेखी मागा.

संधाता
निवडणूक निर्णय अधिकारी कोण आहे तेही पाहा. उमेदवार, उमेदवाराचा सूचक किंवा मावळता पदाधिकारी हे काम करत असेल तर हरकत त्याच दिवशी नोंदवा, निकालानंतर नाही.

खतावणी
सभेचा दिवस. आयटीआयमध्ये प्रवेशफेऱ्या आणि वार्षिक परीक्षांच्या काळात सभा ठेवली की उपस्थिती पडते, हे आधीच कार्यकारिणीला पटवा.

हजेरी रजिस्टर दोन प्रतींत असावं आणि सही मतदार यादीतल्या अनुक्रमांकासमोर व्हावी. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या नंतर कुणाच्याच कामाच्या नसतात. गणपूर्ती किती वाजता झाली ते इतिवृत्तात वेळेसह लिहा. गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची पद्धत सगळीकडे दिसते, पण घटनेत तसं कलम असेल आणि मूळ नोटिशीत त्याचा उल्लेख असेल तरच ती धरते. पोस्टाने किंवा ऑनलाइन मतदानाचंही तेच, घटनेत नसेल तर करू नका.

बिनविरोध निवड झाली तरी अर्ज किती आले, किती वैध, माघार कुणाची, हे सगळं इतिवृत्तात यायला हवं. "सर्वानुमते निवड झाली" एवढ्या एका ओळीवर बदल अर्ज अडकतो, कारण चौकशीत पहिला प्रश्न असतो की निवडणुकीची प्रक्रिया कुठे आहे. मतपत्रिका, मोजणीतक्ता आणि बाद मतं उमेदवारांसमोर लखोट्यात सील करा, वर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि बदल अर्ज अंतिम होईपर्यंत लखोटा उघडू नका.

धर्मादाय_वारी
आता बदल अर्ज, ज्यासाठी हा धागा वाचत होतो. निवडून आलेल्यांचे हार-तुरे होतात आणि अर्ज राहून जातो, मग तीन वर्षांनी पुढची कार्यकारिणी निवडून येते तरी परिशिष्ट १ वर जुनीच नावं. असे दोन-तीन अर्ज साचले की साखळी तयार होते. मधला अर्ज मंजूर नाही, तर त्या कार्यकारिणीने भरवलेली सभा वैध कशी, असा प्रश्न प्रत्येक पुढच्या अर्जाला विचारला जातो.

विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्या तारखेपासून ९० दिवसांत कळवायचा असतो. नमुना परिशिष्ट ३. बदलाची तारीख म्हणजे निवडणुकीची, पदभार घेतल्याची नव्हे. ९० दिवस उलटले तर विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि सबळ कारण लागतं.

फाईलमध्ये हे लावा: सभेची नोटीस आणि ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा (पोस्टाची यादी, ईमेलची प्रत, सह्यांचं बुक, जे घटनेत असेल ते), मतदार यादी, हजेरी, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा निकाल, येणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र आणि ओळख-पत्त्याचा पुरावा, जाणाऱ्या प्रत्येकाचं ना-हरकत शपथपत्र, कुणी राजीनामा दिला असेल तर तो आणि तो स्वीकारल्याचा ठराव, कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला. वर परिशिष्ट १ चा ताजा उतारा आणि घटनेची प्रत. जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची नावं परिशिष्ट १ वर आहेत तशीच, त्याच क्रमाने लिहा. आद्याक्षरांतला फरकसुद्धा त्रुटीत निघतो.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारता येतो. मग हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत आली नाही तर तोच आदेश अंतिम होतो. हरकत आली की नियमित चौकशी: पुरावे, उलटतपासणी, तारखा. म्हणून जाणाऱ्यांची ना-हरकत शपथपत्रं निवडणुकीच्या दिवशीच, निकालानंतर लगेच घ्या. त्या दिवशी मनं मोकळी असतात. महिन्याभराने हिशेबावरून कुरबूर सुरू झाली की शपथपत्र मिळायला वर्ष जातं.

वीजतंत्री
जाणारा एक जरी सही द्यायला तयार नसेल तर अर्ज होतच नाही का?

धर्मादाय_वारी
होतो. त्याचं शपथपत्र नाही एवढंच, त्याला नोटीस काढली जाते. तो आला नाही किंवा त्याची हरकत टिकली नाही तर अर्ज पुढे जातो. वेळ लागतो, पण ९० दिवसांची मुदत त्याची वाट बघत घालवू नका. उरलेले कागद घेऊन अर्ज दाखल करा आणि सही का मिळाली नाही ते अर्जात लिहा.

खतावणी
बँकेचंही आत्ताच सांगतो. बँक ठरावाबरोबर बहुतेकदा परिशिष्ट १ किंवा किमान बदल अर्ज स्वीकारल्याचा आदेश मागते. तोपर्यंत जुन्याच सह्या चालतात. म्हणून निवडणुकीच्याच सभेत एक ठराव करून ठेवा: बदल स्वीकारला जाईपर्यंत जुने सहीदार फक्त नव्या कार्यकारिणीच्या लेखी मंजुरीने, ठरलेल्या मर्यादेत खर्च करतील. हा ठराव नसेल तर संघटनेची सहा महिन्यांची कामं ठप्प होतात, नाहीतर पदाधिकारी खिशातून खर्च करतात आणि मग त्याच्या पावत्यांवरून वाद.

पदभार घेताना यादी करून घ्या: सभासद नोंदवही, इतिवृत्ताच्या वह्या, किर्द, खतावणी, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं अनुक्रमांकासह, धनादेश पुस्तकं, ठेवींच्या पावत्या, पॅन, मान्यतेचं पत्र, न्यायालयीन प्रकरणांच्या फाइली, ईमेलचे आणि संकेतस्थळाचे पासवर्ड. कोऱ्या पावती पुस्तकांचे क्रमांक लिहून घेतले नाहीत तर जुन्या पुस्तकावर नव्या काळात वर्गणी गोळा झाली तरी कळत नाही. संघटनेच्या नावावर जागा किंवा गाळा असेल तर कलम ३६ वाचा. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, गहाण किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करता येत नाही.

कातारी
पहिलं निवेदन कसं द्यायचं तेही लिहितो, कारण नव्या सरचिटणीसाची किंमत संचालनालयात त्यावरून ठरते. एका निवेदनात सोळा मागण्या घालू नका. सोळा मागण्या सोळा टेबलांच्या असतात. निवेदन पहिल्या टेबलावर जातं, तो त्याच्या मागणीवर टिपणी लिहितो, बाकीच्या पंधरा तिथेच झोपतात. एक मागणी, एक पत्र.

समजा विषय रिक्त पदांचा आहे. "निदेशकांची पदे तातडीने भरावीत" या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. त्याऐवजी एका विभागापुरता तक्ता जोडा: व्यवसाय, मंजूर तुकड्या, तुकडीतली प्रशिक्षणार्थी संख्या (२० की २४), मंजूर निदेशक, भरलेले, रिक्त, पद रिक्त झाल्याची तारीख, सध्या काम कोण बघतं. वीजतंत्री व्यवसायात एका निदेशकाकडे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या तुकड्या एकाच वेळी असतील तर ते त्या ओळीत दिसलं पाहिजे, कारण चालू वीजप्रवाहावर काम करणाऱ्या मुलांवर एकाच वेळी दोन खोल्यांत लक्ष ठेवणं शक्य नाही. सुरक्षेचा मुद्दा अधिकाऱ्याला टाळता येत नाही. आकडे संस्थांकडून सहीने मागवा, ऐकीव आकडा एक जरी चुकला तरी सगळा तक्ता बाजूला पडतो. शेवटी मागणी एकच आणि त्या अधिकाऱ्याच्या अधिकारातली: प्रादेशिक सहसंचालकांकडे पर्यायी व्यवस्था, संचालकांकडे मागणीपत्र, शासनाकडे पदमान्यता. पदमान्यता सहसंचालकांकडे मागितली तर पत्र फक्त "पुढे पाठवले" होतं.

सेवापुस्तक
आणि पाठपुराव्याला कायद्याचा आधार घ्या. बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या कायद्यात कलम १० आहे, साधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आवक क्रमांक घ्या, दोन आठवड्यांनी फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा, तेच स्मरणपत्रात लिहा. महिन्याने काहीच हललं नसेल तर माहितीच्या अधिकारात फाईलवरच्या टिपणीची प्रत मागा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, "सरचिटणीस, अमुक संघटना" असं लिहिलं की माहिती फक्त नागरिकाला मिळते या कारणाने तो परत येऊ शकतो.

वीजतंत्री
घटना आणि परिशिष्ट १ च्या प्रमाणित प्रतींचा अर्ज या आठवड्यात टाकतो. मतदार यादीचं नमुना तपासणीचं काम आमच्या जिल्ह्यापुरतं आधी करतो. एक शंका: यादीवर हरकत घ्यायची मुदत घटनेत दिलेलीच नसेल तर?

किमान_कौशल्य
मग निवडणूक कार्यक्रमात ती घालायला लावा. तात्पुरती यादी, हरकतींचे दिवस, अंतिम यादी आणि त्यानंतरच अर्ज वाटप, असा क्रम कार्यकारिणीच्या ठरावाने ठरवून नोटिशीसोबतच सभासदांना कळवायचा. ही मागणी करणारं पत्र सरचिटणीस आणि अध्यक्ष दोघांच्या नावे, पोच घेऊन द्या, आणि नोटीस निघायच्या निदान महिनाभर आधी द्या. एकदा कार्यक्रम छापून गेला की त्यात नवा टप्पा घुसवता येत नाही.